तायडे पेंटरचे नऊ खाके

अमरावती,
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामा,

सप्रेम जयभीम.

पाकीट पाहून घाबरू नका. मी ठणठणीत आहे, पैसे नकोत, आणि होस्टेलच्या भाजीत आता मीठही बरोबर पडतं. पोस्टमन दारात आला तेव्हा मामी शिलाई मशीन थांबवून नक्की म्हणाल्या असतील, "कोर्टाचं तर नाई ना वो काई?" त्यांना सांगा, भाचीचं आहे.

खरं तर हा माझा गृहपाठ आहे. आम्हाला अक्षरलेखन शिकवणाऱ्या माधवी मॅडमनी फर्मान काढलंय, की या सत्रात प्रत्येकाने टाक आणि शाई घेऊन चार पत्रं लिहायची. खऱ्या माणसाला लिहायची आणि खरोखर पोस्टात टाकायची. कागद कुणाच्या हातात पडणार आहे हे ठाऊक असलं की अक्षर आपोआप सुधारतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या खोलीतली गीतांजली चांदूर बाजारची आहे. तिच्या घरचे फुलं आणि भाजी विकतात. तिने आजीला लिहायचं ठरवलं. आजीला वाचता येत नाही, त्यामुळे तिचं पहिलं पत्र अख्ख्या भाजीबाजारात मोठ्याने वाचलं गेलं, आणि त्यात तिने काकूबद्दल जे लिहिलं होतं तेही.

मी तुम्हाला निवडलं, कारण फोनवर तुम्ही "जेवली का? बरं, ठेव" याच्या पुढे जात नाही. पत्र मधेच ठेवून देता येत नाही. आणि जूनपासून आपण नीट बोललेलो नाही. मी कलामहाविद्यालयात नाव घातलं तेव्हा तुम्ही, एकेकाळचे तायडे पेंटर, म्हणालात, "या लाइनीत आता काई नाई राह्यलं पोरी. मी हात धुऊन बाहेर निंगालो, तू हात भरवायले काहून चालली?" मग मला बसस्टँडवर सोडायलाही आला नाहीत. असो. माझ्या मनात राग नाही. थोडा आहे.

अभ्यासाचं सांगते. पहिले तीन महिने मी फोनमध्येच शिकत होते. चारशेच्या वर चित्रं साठवली, कुणी पाठवलेली सात पुस्तकं उतरवून घेतली, एक परदेशी माणूस सपाट ब्रशने अक्षरं काढतो त्याचे सगळे व्हिडिओ पाहिले. माणूस मोठा गुणी आहे, पण त्याची अक्षरं रोमन. आपल्या 'क'चं पोट कसं फिरवायचं हे त्याला काय ठाऊक? ग्रंथालयात एक चांगलं कपाट आहे. त्याची किल्ली ज्यांच्याकडे असते ते बहुतेक वेळा चहाला गेलेले असतात.

मॅडमनी एकदा विचारलं, "प्रेरणा कुठे शोधतेस?" मी फोन वर केला. त्या म्हणाल्या, "आणि फोनच्या बाहेर?" मग त्यांनी दुसरा गृहपाठ दिला. गावात फिरा, हाताने रंगवलेली दहा अक्षरं शोधा, फोटो न काढता पेन्सिलीने उतरवून आणा.

म्हणून मी आणि गीतांजली शनिवारी जवाहर गेटपासून इतवाऱ्यापर्यंत पायी फिरलो. आधी काही दिसेना, सगळीकडे फ्लेक्स. मग एका पिठाच्या गिरणीवर 'गिरणी' सापडली, एका बंद दवाखान्याच्या दारावर 'वेळ', एका धान्याच्या दुकानाच्या आतल्या भिंतीवर 'उधार बंद'. त्या 'उधार'चा 'ध' पाहून मी अर्धा तास तिथेच बसले. दुकानदार आधी संशयाने पाहत होता. "काहून वं पोरीहो, सर्व्हे करून राहिल्या का?" असं विचारलं त्याने. अक्षर पाहतोय म्हटल्यावर त्याने दोन स्टुलं दिली, पंखा आमच्याकडे वळवला, आणि ते अक्षर त्याच्या लग्नाच्या वर्षी काढून घेतलं होतं हेही सांगितलं. परत येताना आम्ही गिलावडा खाल्ला. चारशे चित्रांनी शिकवलं नाही ते एका दुपारी शिकले.

आता तुम्हाला दोन प्रश्न. खाका भिंतीवर उतरवताना कोळशाची पूड किती बारीक लागते? आणि पुरचुंडीला कापड कोणतं? अभ्यासासाठी विचारतेय, सहज.

माळा आवरून झाला का? तेही सहजच.

मामींना जयभीम.

तुमची भाची,
प्रणाली


अमरावती,
बुधवार, ४ डिसेंबर २०२४

आदरणीय मामा,

सप्रेम जयभीम.

तुमचं कार्ड आलं. मी वर्गात नेऊन दाखवलं. "कोळसा चिंचेच्या लाकडाचा. वस्त्रगाळ कर. कापड मलमल, दोन पदरी. जोरात मारू नको, थोपट. जेवत जा." एवढ्या चार ओळींवर मॅडमनी पाऊण तास शिकवलं. कार्ड आता फळ्याशेजारी टाचणीने लावलंय. खाली कुणीतरी 'जेवत जा' ही ओळ अधोरेखित केलीय.

वर्गातल्या सगळ्यांना खाका म्हणजे काय ते आता कळलंय. मीच समजावून सांगितलं, की पेंटर जाड कागदावर अक्षर काढतो, त्याच्या कडेकडेने सुईने भोकं पाडतो, मग कागद भिंतीला लावून वरून पुडीची पुरचुंडी थोपटली की भोकांतून ठिपके पडतात आणि ठिपक्यांवरून ब्रश फिरतो. एकच खाका शंभर भिंतींना चालतो. मुंबईची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे प्रिंटरच की." मी म्हटलं, हो, पण याला वीज लागत नाही.

आता दुसरं. काल आईचा हिवरखेडहून फोन आला होता. ती म्हणाली, मामाचे नऊ खाके सापडत नाहीत. तुम्ही स्वतःच्या वळणाची सगळी मूळाक्षरं, मात्रा आणि आकडे ज्यांच्यावर काढून ठेवली होती, तेच नऊ. आई म्हणाली, मामा म्हणते दिवाळीच्या साफसफाईत मामीने रद्दीवाल्याला दिले, मामी म्हणते मी त्याला हातही लावला नाही, आणि आता ताट वाढून मामी आतल्या खोलीत जाऊन बसतात. तीन आठवडे झाले म्हणे.

मामा, असं एकदम कुणावर आळ घेऊ नये. माळ्यावर उंदीर आहेत, हे तुम्हीच म्हणाला होतात. उंदरांना तेलकट कागद आवडतो. किंवा तुम्हीच दुसऱ्या पेटीत ठेवले असतील. ती हिरवी पेटी पाहिली का? किंवा पत्र्याच्या मागे पडले असतील. मामी तशा नाहीत. ब्लाउजपीसची चिंधीसुद्धा त्या टाकत नाहीत, तुमचे खाके कशा टाकतील? निदान ताटावर तरी एकत्र बसा.

माझं ठीक चाललंय. मॅडमनी माझा 'क' पाहून विचारलं, "हे वळण कुठून आलं तुझ्याकडे?" मी म्हटलं, आमच्या मामांकडून. ते काही खोटं नाही.

गीतांजलीने सांबार (मुंबईची मुलगी त्याला कोथिंबीर म्हणते) घातलेल्या मुठ्यांचा डबा आणलाय, तो संपायच्या आत खोलीवर जायचंय. म्हणून पत्र इथेच आवरतं घेते. परवा सहा तारखेला आम्ही होस्टेलच्या मुली मेणबत्त्या घेऊन जाणार आहोत. तुम्ही दोघं जाल तर सोबत जा.

तुमची भाची,
प्रणाली

हिरवी पेटी नक्की पाहा.


अमरावती,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

मामा,

जयभीम. हिरवी पेटी पाहू नका.

तुमचं दुसरं कार्ड शुक्रवारी मिळालं. या वेळी तुम्ही दोन्ही बाजू भरून लिहिलंत. "पेटी पाहिली, नाही. बारा वर्षं जपले होते. तुझं पहिलं वर्ष पास झालं की तुला द्यायचं मनात होतं. तुझ्या मामीनं रद्दीत घातले. आता काय." मी ते होस्टेलच्या पायरीवरच तीनदा वाचलं. गीतांजलीला वाटलं, घरी कुणी गेलं.

खाके माझ्याकडे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला दोन दिवस राहिले, तेव्हा तुम्ही बाजारात गेला होतात आणि मामी शेजारी फॉल लावलेली साडी द्यायला गेल्या होत्या. मी माळ्यावर चढले, खाके माझ्या चित्रांच्या गुंडाळीत घातले आणि संध्याकाळच्या गाडीने निघाले. मामींनी वाटेत खायला मला चिवडा बांधून दिला. तो मी मूर्तिजापूर येईपर्यंत संपवला, इतकी मी निर्लज्ज.

मागितले असते तर तुम्ही नाही म्हणाला असतात, असं मला वाटलं. मला तुमचा राग होता, मामा. लहानपणी मी तुमच्या शिडीखाली बसून डब्यांची झाकणं उघडून द्यायचे, आणि त्याच तुम्ही मला म्हणालात की यात काही राहिलं नाही. मला वाटलं, माझी तुम्हाला लाज वाटते. शिवाय भीती वाटली की एक दिवस तुम्ही ते खाके चुलीत घालाल. वर्गात मी सांगितलं, मामांनी दिले. तुम्ही खरंच देणार होतात हे वाचून मला काय वाटलं ते टाकाने लिहिता येत नाही. मी माझ्याच घरात चोरी केली आणि शिक्षा मामींना दिली.

आता दुसरी गोष्ट. ती पहिलीपेक्षा वाईट आहे, म्हणून बसून वाचा.

खाके फार जीर्ण झाले होते. घड्यांवर कागद तुटत होता, 'ळ'चा कोपरा माझ्या हातातच आला. मी घाबरले. कॉलेजसमोर जीवनभाऊंचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "लॅमिनेशन करून टाक ना वं. जिनगीभर काई होत नाई." दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, बाबासाहेबांचा फोटो, आपल्या घरात जे जपायचं असतं त्याचं आपण लॅमिनेशन करतो. मला ते पटलं. मी नऊच्या नऊ करून घेतले, दोन्ही बाजूंनी, जाड प्लॅस्टिकमध्ये. इतके सुंदर चमकत होते. मी खोलीवर येऊन 'म'चा खाका भिंतीला लावला, चिंचेचा कोळसा भरलेली दोन पदरी मलमलीची पुरचुंडी घेतली, जोरात न मारता थोपटली. खाका काढला. भिंत कोरी.

सगळी भोकं बंद झाली होती. मी दहा मिनिटं थोपटतच राहिले. मग गीतांजली म्हणाली, "अवं, हवा जायले तरी जागा ठेवली का तू?" आणि तिला हसू आवरेना, आणि मी रडायला लागले, आणि मग तीही.

पत्र लिहायला दोन दिवस लागले. आज चार कागद फाडले. मामा, हे पत्र मामींना वाचून दाखवा, मोठ्याने आणि पूर्ण. चिवड्याचं वाक्यही गाळू नका. त्यांची माफी मी समोर येऊन मागेन, पण तुम्हाला तीन आठवड्यांची, आता पाच झाले असतील, माफी आजच मागावी लागेल. तेवढं माझ्या वाटचं ओझं तुमच्यावर टाकतेय.

तुम्ही मला बोलाल ते मी ऐकून घेईन. फक्त फोन करून "जेवली का? बरं, ठेव" असं म्हणू नका. त्यापेक्षा शिव्या द्या.

प्रणाली


अमरावती,
रविवार, १२ जानेवारी २०२५

आदरणीय मामा,

सप्रेम जयभीम.

आधी मामींचा फोन आला, तेव्हा मी वर्गात होते. बाहेर येऊन उचलला. पहिलं वाक्य असं: "पोट्टे, तुह्या पत्राचं मी लॅमिनेशन करून आणतो. याच्यापुढं या माणसानं माह्यावर आळ घेतला का समोर धरतो." मग त्या इतक्या हसल्या की शेजारची बाई काय झालं म्हणून विचारायला आली, तेही मला फोनवर ऐकू आलं. मग एकदम गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "मागून घेतलं असतं तर मीच काढून देल्ले असते ना वं. कायले चोरलं?" मग तुमचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही पत्र वाचून झाल्यावर पिशवी घेऊन गेलात आणि अर्धा किलो जिलेबी घेऊन आलात. "तोंडानं माफी मागता येत नाई माणसाले," असं म्हणाल्या, पण जिलेबी खाल्ली त्यांनी.

माझ्याकडे मात्र बारा दिवस काही आलं नाही. तेराव्या दिवशी पार्सल आलं. मला वाटलं, तुमच्याकडे राहिलेली माझी चित्रं परत पाठवलीत. उघडलं तर तुमची लाकडी मुठीची सुई, घोंगडीचा चौकोनी तुकडा, पॉलिश पेपर, आणि चिठ्ठी. "घोंगडी खाली. सुई उभी धर. जुन्या भोकातूनच जा, नवं पाडू नको. मागून हलकं घास. घाई करू नको." माफ केलं असं कुठेही लिहिलं नव्हतं, माफ नाही केलं असंही नव्हतं. मी चिठ्ठीची मागची बाजूसुद्धा पाहिली.

दहा दिवस लागले. कॉलेज सुटलं की खिडकीपाशी उजेड असेपर्यंत बसायची. प्लॅस्टिकमधून तुमची जुनी भोकं दिसत होती, एकेक करून उघडत गेले. पहिल्या दिवशी बोटांना चार ठिकाणी टोचलं. गीतांजलीने मदत म्हणून सुई हातात घेतली, पाचव्या भोकाला "आई गं" म्हणून परत दिली, आणि त्यानंतर फक्त चहा करून आणत राहिली. तो तिने नेमाने आणला.

मामा, मला आधी वाटलं होतं की मला तुमचे खाके हवेत. ते मला नुसते उपयोगाचे वाटत होते, भिंतीला लावा, थोपटा, अक्षर तयार. आता एकेका भोकातून गेल्यावर कळलं, की उभ्या रेघेत तुम्ही भोकं लांब लांब पाडलीत आणि वळणावर जवळ जवळ. म्हणजे हात जिथे चुकू शकतो तिथे तुम्ही आधीच सावध झालेले असता. 'ळ'मध्ये एका जागी दोन रांगा आहेत. तिथे तुम्ही मन बदललंत. 'म'ची उभी रेघ मला सरळ वाटायची, ती किंचित आत झुकलीय, आणि म्हणूनच तुमचा 'म' भिंतीवर ताठ दिसतो. हे कुठल्याही व्हिडिओत नाही. ग्रंथालयाच्या कपाटातही नसणार, ते आता उघडं असतं तरी.

परवा शेवटचा आकड्यांचा खाका झाला. भिंतीला लावला, थोपटला, काढला. एक ते नऊ आणि शून्य, एकही ठिपका कमी नाही. गीतांजलीने टाळ्या वाजवल्या. आता नऊही खाके चालतात, आणि प्लॅस्टिकमुळे फाटत नाहीत. जीवनभाऊ सगळीकडे सांगतायत की आयडिया त्यांची.

मॅडमना मी खरं काय ते सांगितलं, की तुम्ही दिले नव्हते, मी न विचारता आणले. त्यांनी एक खाका उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "आणि आता? आता दिलेत का त्यांनी?" मी म्हटलं, अजून विचारलं नाही. आज विचारणार होते, तेवढ्यात काल तुमचं कार्ड आलं.

मामींनी दंड लावला हे वाचून मला आनंद झाला. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. वीस वर्षं अर्ध्या अकोल्याच्या दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या माणसाच्या बायकोच्या दारावर फिका पडलेला फ्लेक्स असावा, आणि त्यावर दुसऱ्याच कुणा बाईचा फोटो असावा, हे लाजिरवाणं आहे. 'पौर्णिमा लेडीज टेलर' हाताने रंगवून द्यायचं, मामाने आणि भाचीने मिळून, तेव्हाच प्रकरण मिटेल. मला कबूल आहे. तुम्ही लिहिलंत की गुडघ्यांमुळे शिडीवर चढणार नाही, खाली खुर्ची टाकून पाहत बसेन, सांगणार मात्र काही नाही, कारण तुम्ही कुणाला शिकवत नाही. बसा. तुमच्याने दहा मिनिटंही गप्प बसवणार नाही, पैज लावते.

येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, पहिल्या गाडीने निघते. नऊही खाके घेऊन येते आणि तुमच्या हातात देते. ठेवायचे की मला द्यायचे, ते तुम्ही ठरवा. ठेवलेत तरी चालेल, हे मी मनापासून लिहितेय. माझा हात आता ती वाट ओळखतो.

कार्डाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात खाली पेंटरचं नाव असते. यावेळी तिथं तुझं टाक." ते वाक्य मी गीतांजलीला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि मला जमलं नाही, तिनेच वाचलं.

पण मामा, ते मी टाकणार नाही. बोर्ड पूर्ण रंगवेन आणि तो कोपरा रिकामा ठेवेन. मी खाली उतरले की तुम्ही खुर्चीतून उठून पाहा. 'म' ताठ वाटला, मामी हो म्हणाल्या, तुमचंही मन म्हणालं, तर बोर्ड खाली उतरवून तुमच्या मांडीवर ठेवते, आणि माझं नाव तुम्ही तुमच्या हाताने घाला. नाही पटलं तर काही बोलू नका. पांढऱ्या रंगाचा डबा सोबत आणतेय, सगळं पुसून पुन्हा सुरू करू.

वाट पाहा. मी जेवून येणार नाही.

तुमच्या शिडीखालची,
प्रणाली